ताणावरच्या बागेला तेल

मी ताणावर असलेल्या मोसंबीच्या बागेवर तेल फवारलं. बाग माझी नव्हती, बहिणीची होती. तिनं मला फवारायला सांगितलं नव्हतं, मी तिला विचारलं नव्हतं, आणि मी फवारत होतो तेव्हा ती शेतात नव्हतीही.

ज्यांना फळबागेतलं कळतं ते एवढं वाचूनच कपाळाला हात लावतील. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी पुढचं लिहितो, कारण तेव्हा मीही त्यांच्यातलाच होतो. फरक एवढाच, की त्यांना आपल्याला कळत नाही हे माहीत असतं.

येळवस, म्हणजे आमची वेळ अमावास्या, जवळ आली की हे सगळं पुन्हा वर येतं. आज सकाळपासून घरात तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं चाललंय, हरभऱ्याची कोवळी पानं धुऊन चाळणीत निथळताहेत, आणि मोठ्या मडक्यातली आंबील दोन दिवसांची आंबून तयार झालीय. ज्वारीचं पीठ, ताक, आलं, मिरची. तिचा तो आंबूस, थंड वास दारातून आत येणाऱ्याच्या आधी नाकात शिरतो. मार्गशीर्ष अमावास्येला आमचं लातूर दिवसभर रिकामं असतं. दुकानांची शटरं खाली, चौक मोकळे, कुत्री निवांत. सगळं गाव कुणाच्या ना कुणाच्या शेतात गेलेलं असतं. ज्याला शेत नाही त्याला बोलावणं असतं, आणि ज्याला बोलावणं नाही असा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता यात एक गोम आहे. आमच्यासारखी बाजारातली माणसं वर्षातून एकदाच शेतात जातात, आणि जेवून उठली की शेतकऱ्याला सल्ला देतात. भज्जी, म्हणजे ओल्या शेंगांची आणि कोवळ्या पाल्याची ती भाजी, पोटात गेली की अंगात कृषी अधिकारी संचारतो. कुणी विहिरीत डोकावून पाणी वाढवायची युक्ती सांगतं, कुणी ज्वारीचं कणीस हातात घेऊन बियाण्याची जात ओळखतं आणि ती चुकते. ऐकणारा शेतकरी ‘हाव, हाव’ म्हणत आणखी आंबील वाढतो. दुपार कलेपर्यंत सगळे सल्ले वडाखाली झोपी जातात. नुकसान काही होत नाही. मी ती परंपरा मोडली. मी झोपलो नाही.

माझं लातुरात रंगाचं दुकान आहे. ऑइल पेंट, डिस्टेंपर, ब्रश, टर्पेंटाइन. तेलाचं मला कुणी शिकवू नये, असा माझा तेव्हा समज होता. धाकटी बहीण सुलू चाकूर तालुक्यात दिलेली. तिचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत आणि एकदा दिलेला शब्द फिरवत नाहीत. त्या घरात सोयाबीन आणि तूर सोडून दुसऱ्या पिकाचं नाव निघत नसे. सुलूनं हट्टानं विहिरीजवळचा तुकडा मागून घेतला आणि त्यात मोसंबी लावली. शेजारीपाजारी हसले. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, खड्डे खणून दिले आणि मत दिलं नाही. भांडण टाळायची ही त्यांची जुनी रीत. त्या घरात सुलूचा शब्द चालेल अशी ती एकच जागा होती, आणि तीही उसनी. कारण अप्पांनी सांगून ठेवलं होतं, “आंबे बहार धरला तर बाग. न्हाई तर पाडव्याला जेसीबी घालून मोकळं रान करायचं.”

आंबे बहार म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत मोसंबीला येणारी फुलं; ते त्या बागेच्या पहिल्या बहाराचं वर्ष होतं.

बहार धरायची रीत मला आजही चमत्कारिक वाटते. पावसाळा सरला की बागेचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड तहानतं, पानं मऊ पडतात, हिरवा रंग फिकट होतो, काही पानं गळतात. झाडाला वाटतं, संपलं आता आपलं. मग एके दिवशी पाणी सोडतात, आणि त्या सुटकेच्या आनंदात झाड अंगभर फुलतं. झाडाला मरणाची आठवण करून द्यायची, पण मरू द्यायचं नाही. हा हिशोब फार नाजूक असतो. माणसांनाही वर्षातून एकदा असा ताण द्यावा, असं मला अधूनमधून वाटतं. आपण बहुतेक फुलणार नाही, नुसतेच गळू. पण प्रयोग करायला हरकत नाही.

तर त्या येळवशीला शेतातल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली. दाजींनी पळसाच्या डहाळीनं रानभर आंबील शिंपडली, आणि जिचा अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही ती आरोळी सगळ्यांनी आपापल्या चालीत ठोकली. मग जेवणं. खीर, उंडे, तिळाच्या पोळ्या. मी भज्जी तीनदा घेतली. हात धुवायला बागेकडं गेलो आणि पान उलटून पाहिलं.

पानामागं काळे ठिपके गच्च बसलेले. वरच्या बाजूला चुलीच्या धुरानं माखावं तशी काजळी. पानं माना टाकलेली.

“सुलू, अगं बागेला रोग पडलाय!”

ती पत्रावळ्या गोळा करत होती. “काळी माशी हाय ती. तिची पिल्लं रस पितात, त्यांच्या चिकट्यावर कोळशी धरती. थोडा लाल कोळी पण हाय. दिसलंय मला.”

“मग औषध?”

“आता ताण चालू हाय, अण्णा. आता हात लावायचा न्हाई. पाणी सोडलं की बघू.”

आता हे वाक्य सरळ आहे. मराठीत आहे. मी ते ऐकलं. पण येळवशीचा पाहुणा ऐकतो तो सल्ला देण्याआधीचा श्वास म्हणून. मला दिसली ती फक्त माना टाकलेली पानं, आणि मी मनाशी ठरवलं की बहीण सासऱ्याच्या धाकानं गप्प बसलीय. शिवाय माझ्या गाडीच्या डिकीत तेल होतं. फळझाडांवर फवारायचं, कारखान्यात शुद्ध केलेलं खनिज तेल. आमच्या शेजारच्या कृषी केंद्रवाल्यानं त्याची इतकी तारीफ केली होती, की बहिणीला येळवशीची भेट म्हणून मी एक कॅनच उचलला होता. दुसरे भाऊ साडी नेतात.

दाजी आणि सुलू नातेवाइकांना वाटेला लावायला गावात गेले. अप्पा कोपीत आडवे झाले. पाहुणे वडाखाली घोरत होते. मी विहिरीवरच्या फवारणीच्या ड्रममध्ये पाणी भरलं, तेल ओतलं, काठीनं दोन वेढे दिले, मोटर चालू केली आणि गन हातात घेतली. झाडांवर तुषार पडायला लागला, त्यात ऊन शिरून इंद्रधनुष्य उमटलं. खरं सांगतो, मला त्या वेळी स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दिवसभर दुकानात बसून मी गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगत असतो: डबा उघडला की आधी तळापासून ढवळून घ्या. तोंड दुखेपर्यंत सांगतो. ते वाक्य त्या दुपारी मला आठवलं नाही. ड्रमातलं तेल निवांत वर तरंगत राहिलं आणि पंपाची नळी तळातून पाणी ओढत राहिली. म्हणजे पहिल्या ओळींना मिळालं निव्वळ पाणी. मधल्या ओळींना थोडं पाणी, थोडं तेल. आणि ड्रम तळाला गेला तेव्हा शेवटच्या ओळींवर मी जे मारलं ते जवळपास नुसतं तेल होतं. ती झाडं उन्हात अशी चकाकत होती की मी तिथं थांबून मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. कुणाला दाखवत नाही.

आठवडाभरानं सुलूचा फोन आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“अण्णा, तू किती ढवळलं होतंस?”

मी गेलो. बाग अशी उभी होती की आंधळ्यालाही सांगता यावं, शहाणा कुठून सुरू झाला आणि कुठं संपला. पुढची झाडं होती तशीच. मधल्या झाडांखाली पिवळी पानं विखुरलेली. शेवटच्या ओळी उघड्या. काटक्या आणि त्यांच्यामधून दिसणारं पलीकडचं सोयाबीनचं मोकळं रान. खाली जळक्या कडांच्या पानांचा थर, चालताना चुरचुरणारा. दाजी बांधावर बसले होते. मत त्यांनी तेव्हाही दिलं नाही.

सुलू म्हणाली, “मामंजींना दिसलंय. नुसतं जेसीबीवाल्याला फोन करून म्हणले, पाडव्याला मोकळा ऱ्हा.”

मग आम्ही दोघं एसटीनं हदगावला गेलो. तिथं सुलूच्या सासूबाईंचे भाऊ राहतात. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, स्वतःची मोसंबी राखून असलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. सुलूच्या मांडीवर गळलेल्या पानांची पिशवी होती. तिनं ती अशी धरली होती की वाटेत चढलेल्या बाईनं विचारलं, “परसाद हाय का?”

मामांनी पान उजेडात धरलं. “मारलं कधी?”

“येळवशीला,” मी म्हणालो.

“तवा बाग?”

“ताणावर.”

मामांनी तोंडाशी नेलेली बशी खाली ठेवली. “म्हंजे तहानलेल्या माणसाचं तोंड-नाक दाबून धरून राहिले की तुम्ही.”

मग त्यांनी सांगितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मध्ये न बोलता ऐकलं. हे तेल विष नसतं. किडीच्या अंगावर त्याचा पातळ पापुद्रा बसतो, तिचा श्वास कोंडतो, ती मरते. कोळी असो, माशीचं पिल्लू असो, विषाची सवय त्यांना होते, श्वास कोंडण्याची होत नाही. पण पानही श्वास घेतं. झाडाच्या पोटात पाणी असलं, हवा गार असली, तेल पातळ आणि सारखं मिसळलेलं असलं, तर पान तेवढं सोसतं. उपाशी झाड सोसत नाही. गंधक मारल्याला महिनाही झाला नसेल, तरी तेलाला हात लावायचा नाही.

“तेल वाईट न्हाई,” मामा म्हणाले. “घाईचा माणूस तेलाला वाईट.”

“आता काय करू, मामा?” सुलूनं विचारलं.

“पाणी सोड. पुढची झाडं फुलतील. मागची फुलणार न्हाईत, ती पानं काढतील. त्या कोवळ्या पालवीवर नागअळी येईल. ती पालवी गेली तर झाडं गेली. अन् पालवी राखायला सगळ्यात बरं काय, सांगू?”

“काय?”

“तेल.” ते माझ्याकडं पाहून हसले. “नीट मारलेलं.”

परतीच्या एसटीत सुलू खिडकीशी बसली होती. रिकामी पिशवी तिनं घडी करून कमरेला खोवली. मग म्हणाली, “अण्णा, तू ये. पण गनला हात लावायचा न्हाई.”

पुढचे ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात शांत महिने असावेत. रविवार उजाडला की मी दुकान बंद ठेवून चाकूरला. पाण्यानंतरच्या मातीचा वास, ठिबकच्या नळ्यांची टिपटिप. पुढच्या झाडांवर आधी मोहरीएवढ्या कळ्या, मग एका सकाळी पांढरी फुलं आणि असा वास, की बोलताना माणसं आपोआप आवाज खाली घेत. मधमाश्या इतक्या, की बाग दुरून पुटपुटल्यासारखी ऐकू यायची. त्या ओळींकडं सुलू औषधाचा थेंब फिरकू देत नसे. मागच्या ओळींत फूल नव्हतं. तिथं काटक्यांतून तांबूस-हिरवी पालवी फुटत होती, कानाच्या पाळीइतकी मऊ.

आम्ही आधी फांद्यांवर करून पाहिलं. हे मात्र माझ्या डोक्यातून निघालं, तेवढं श्रेय घेऊ द्या. दुकानातून मी उरलेले रंग आणले. लाल ठिपक्याची फांदी नुसत्या पाण्याची. पिवळा ठिपका पातळ तेलाचा, निळा त्याहून थोड्या दाट तेलाचा. सुलू म्हणाली, “बाग हाय का शाळेचं गॅदरिंग?” पण मी गेलो की पान उलटून बघायला तीच आधी पोचायची. लाल फांदीच्या पानांत नागअळीनं पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा ओढल्या, पानं मुरडली. निळ्याच्या कडा किंचित करपल्या. पिवळी पानं सरळ, स्वच्छ, चमकदार. त्या पिवळ्या फांदीपुढं आम्ही दोघं किती वेळ उभे होतो. लग्नात नवरी बघतात तसे.

मग मिसळायचं. तेल थेट ड्रममध्ये टाकायचं नाही. आधी बादलीत थोडं पाणी, त्यात तेल, आणि सुलूनं घरातली ताकाची रवी आणली. घुसळता घुसळता तेल-पाण्याचं दुधासारखं पांढरं झालं. ते दूध ड्रममध्ये ओतायचं. पंपाची परतीची नळी ड्रमच्या तळाशी सोडायची, म्हणजे आतलं पाणी स्वतःच स्वतःला ढवळतं. आणि तरीही शेजारी एक माणूस बांबू घेऊन बसवायचा, मोटर बंद होईपर्यंत त्यानं ढवळत राहायचं. त्या पदावर माझी नेमणूक झाली.

गन सुलूच्या हातात. आदल्या दिवशी पाणी दिलेलं, पहाटेचं दव वाळलेलं, ऊन अजून कोवळं. ती झाडाच्या आत शिरायची, वाकून खालून वर मारायची, कारण कीड पानामागं असते आणि आपण सगळे पानाच्या पुढं बघून समाधान मानतो. ती आतून ओरडायची, “अण्णा, बांबू थांबला का?” मी म्हणायचो, “न्हाई गं!” तेव्हा तो थांबलेला असायचा. लगेच फिरवायला लागायचो. एकदा अप्पा मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ माझं ढवळणं बघितलं.

“रंगवाले पाव्हणं, काय करलालाव?”

“ढवळतोय, अप्पा.”

“हां,” ते म्हणाले. “आता ढवळा.”

मी अजूनही विचार करतो, त्या काळात मला सुख कशाचं होतं. फांद्या वाचत होत्या त्याचं होतं. पण त्याहून जास्त हे, की मला काहीच सुचवायचं नव्हतं. बांबू गोल फिरत होता, पांढरं पाणी गोल फिरत होतं, त्यात आभाळाचा एक तुकडा फिरत होता. माणसाला आयुष्यात एक ड्रम आणि एक बांबू मिळावा. परवा बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “वरण चुलीवर हाय, जा.”

पालवी पिकून जाड झाली. मागची झाडं पुन्हा पानांनी झाकली गेली. मधल्या झाडांवरची काजळी हळूहळू पापुद्र्यासारखी सुटून गळाली. कीड खाणारे ढालकिडे बागेत परत आले. पण त्या ओळींवर फळ नव्हतं, एकही. तेल कितीही नीट मारलं तरी गेलेला बहार परत येत नाही. पुढच्या ओळींत हरभऱ्याएवढी फळं धरली, मग ती गोटीएवढी झाली. सुलू रोज खाली गळलेली उचलायची, मोजायची नाही, नुसती मुठीत धरून विहिरीत टाकायची.

पाडवा आला. दारात गुढी, साखरेची गाठी, कडुलिंब. मी सकाळीच पोचलो. शेतात आलो तर बांधाला पिवळं जेसीबी उभं, आणि त्याचा चालक सावलीला टायरला टेकून चहा पीत होता. सुलू नवं लुगडं नेसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. दाजी पहिल्यांदाच तिच्या शेजारी उभे होते. एरवी ते बांधावर असतात.

अप्पा काठी टेकत पहिल्या ओळीत शिरले. फांदी खाली ओढली, फळ बोटांनी चाचपलं, तोडलं नाही. पान उलटलं.

“ह्या वळीला येळवशीला काय मारलं होतं?”

“नुसतं पाणी,” मी म्हणालो. “म्हंजे मारायचं होतं तेल, पण...”

“कळलं.”

मधल्या ओळी आल्या. फळ विरळ, पण होतं. “अन् हिला?”

“पाणी अन् तेल. चुकून बरोबर पडलं बहुतेक.”

सुलूनं माझ्या कोपराला चिमटा काढला. अप्पा शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेले. तिथं दाट, गडद पानं होती आणि फळ नव्हतं. त्यांनी फांद्यांत हात घालून चाचपून पाहिलं, एका झाडात, दुसऱ्यात, तिसऱ्यात. एका नव्या पानावर अंगठा घासला आणि अंगठा बघितला. मग खोडाला नखानं किंचित खरवडलं. आत हिरवं होतं.

“हिला निव्वळ तेल?”

“हाव.”

“ताणावर?”

“हाव, अप्पा.”

सुलू म्हणाली, “मामंजी, ह्या वळी पुढच्या वर्साला येतील. एक वर्स द्या मला.”

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं नाही. बाग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग मला पाहिलं, खालपासून वरपर्यंत, खवले कीड बघावी तसं. आणि बांधाकडं वळून जेसीबीवाल्याला हाक मारली.

“जा बाबा परत. ह्या पाव्हण्याच्या हातून जी बाग वाचली, तिला दुष्काळ काय करतोय!”